गाडी आत जाईल एवढं दार

आबा आत शिरले आणि त्यांनी सगळ्यात आधी वर पाहिलं. समोर वेदी होती, वर टांगलेला रंगवलेला क्रूस होता, साधी लाकडी बाकं होती. त्यांनी पाहिले ते छपराचे वासे. मग डावीकडची भिंत, मग उजवीकडची. या भिंतींच्या मधोमध दगडांची वीण बदलते, जुन्या धोतराला दुसऱ्या सुताचं ठिगळ लावावं तशी. त्या ठिगळावर त्यांनी तळहात ठेवला, वळून समोरच्या भिंतीतलं दुसरं ठिगळ पाहिलं आणि म्हणाले, "हितनं गाडी आत येत आसंल."

मी तोवर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. समुद्राकाठी एक फार जुनं चॅपेल आहे, तिथं जाऊ, एवढंच म्हटलं होतं. नोव्हेंबर महिना होता. आबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडमधल्या चेम्सफर्डला आले होते आणि दुसऱ्याच आठवड्यात खिडकीपाशी बसून दिवस मोजायला लागले होते. कोरेगाव तालुक्यातल्या सहा एकरांत पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला आमच्या गालिचा घातलेल्या खोल्यांत करायला काही नव्हतं. म्हणून त्या शनिवारी त्यांना गाडीत घातलं आणि एसेक्सच्या पूर्व टोकाला घेऊन गेले. तिथं डेंगीचा सपाट, पाणथळ मुलूख आहे. त्याच्या कडेवर ब्रॅडवेल नावाचं गाव, आणि गावापासून दोनेक मैलांवर, शेतं संपून खाऱ्या पाण्याची दलदल सुरू होते तिथं हे चॅपेल एकटं उभं आहे. गाडी एका शेतघराजवळ लावायची आणि तिथून अर्धा मैल मातीच्या वाटेनं चालायचं. दोन्ही बाजूंना शेत. चॅपेल लांबूनच दिसायला लागतं. मनोरा नाही, कळस नाही. उंच भिंती आणि उतरतं छप्पर. लांबून कुणीही याला कोठारच म्हणेल. जवळजवळ तीनशे वर्षं ते कोठारच होतं.

याचं नाव सेंट पीटर ऑन द वॉल. भिंतीवरचा पीटर. ही भिंत म्हणजे रोमन किल्ल्याची तटबंदी. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमनांनी या किनाऱ्यावर चाच्यांवर नजर ठेवायला किल्ल्यांची रांग उभी केली, त्यातला ओथोना नावाचा किल्ला इथं होता. रोमन निघून गेले, समुद्रानं किल्ल्याची पूर्वेची बाजू गिळली, आणि इसवी सन ६५४ च्या सुमारास उत्तरेकडून एक भिक्षू होडीनं इथं उतरला. त्याचं नाव केड. स्कॉटलंडच्या आयोना बेटावरून आलेल्या एडन या भिक्षूचा हा लिंडिसफार्न बेटावरच्या मठातला शिष्य. चार भाऊ होते ते, चौघेही धर्मकार्यात. पूर्व सॅक्सनांच्या, म्हणजे एसेक्सच्या, राजाला, सिगबर्टला, आपल्या लोकांत ख्रिस्ताचा धर्म रुजवायचा होता, म्हणून केडला इकडे धाडलं. केडनं पाहिलं असेल की इथं घडवलेला दगड पडून आहे, पक्क्या भाजलेल्या विटा पडून आहेत. त्यानं किल्ल्याच्या पश्चिम वेशीवर, तटाच्या पायावरच, आपलं देऊळ बांधलं. म्हणजे या इमारतीचा पहिला दगड लागला तोसुद्धा दुसऱ्याच कामासाठी आणलेला होता. रोमन सैनिकांच्या विटा आजही भिंतींत कोपऱ्याकोपऱ्याला लाल दिसतात.

केडबद्दल आपल्याला जे कळतं ते बीड या भिक्षूनं ७३१ साली पुरा केलेल्या इतिहासातून. बीडनं या जागेचं नाव इथानकेस्टर असं दिलंय आणि ती पेंटा नदीच्या काठी असल्याचं लिहिलंय. त्या नदीला आज ब्लॅकवॉटर म्हणतात, पण वरच्या अंगाला तिचं नाव अजून पँट असंच आहे. नद्यांची नावं माणसांपेक्षा चिवट असतात. याच इतिहासातली एक गोष्ट मला इथं आलं की हमखास आठवते. केड ६६४ साली इथून दूर उत्तरेला, यॉर्कशरमधल्या लॅस्टिंगहॅमच्या मठात, साथीच्या रोगानं गेला. ही बातमी एसेक्सला पोचल्यावर त्याच्या मठातले तीसेक भिक्षू निघाले. आपल्या गुरूच्या देहाजवळ राहायचं, नाहीतर तिथंच मरायचं, असं ठरवून ते इतकी लांब वाट चालून गेले आणि त्याच साथीत एक लहान मुलगा सोडून सगळेच्या सगळे गेले. आज चॅपेलमधल्या वेदीत तीन दगड बसवले आहेत. एक आयोनाचा, एक लिंडिसफार्नचा, एक लॅस्टिंगहॅमचा. १९८५ साली ही वेदी घडवली. मी पहिल्यांदा आले तेव्हा या तीन दगडांपुढे खूप वेळ उभी होते. आबा त्यांच्यापुढे क्षणभर थांबले, हात जोडले आणि पुन्हा भिंतीकडे गेले.

मग त्यांनी मला भिंत वाचून दाखवली.

"ह्या दाराला समोर दार का ठिवलंय सांग," ते म्हणाले. मी म्हटलं, गाडी एकीकडून आत आली की दुसरीकडून बाहेर जायला, वळवायला लागू नये म्हणून. "त्ये हायच. पर वारं? दोन्ही दारं उघडली की हितनं वारं सुटनार. समुद्र बगितलास न्हवं का केवढा जवळ हाय. मधी खळं. हितं झोडपायचं आनि हितंच उफनायचं. पावसात बी काम थांबायला नगं."

मी या चॅपेलमध्ये आधी चारदा येऊन गेले होते. माहितीचा फलक पाठ होता. त्यावर लिहिलेलं होतं की सतराव्या शतकात इमारत कोठार म्हणून वापरात गेली आणि गाड्यांसाठी लांबीकडच्या भिंती फोडल्या. वाऱ्याचं मला एकदाही सुचलं नव्हतं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की इंग्लंडमधल्या जुन्या कोठारांची रचना अशीच असते. समोरासमोर मोठी दारं, मधे मळणीची पक्की जमीन, दोन्ही अंगांना पेंढ्यांचे ढीग. हिवाळाभर मजूर आत काठ्यांनी कणसं झोडपायचे आणि दारं उघडून येणाऱ्या झोतात धान्य उफणायचे. आपल्याकडे उघड्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, वावडीवर चढून पाटीतून धान्य सोडतात, कारण आपल्याकडे सुगीला पाऊस नसतो. इथं तो बारा महिने असतो, म्हणून यांचं खळं छपराखाली. एवढाच फरक. हे आबांना इंग्लंडचं एक अक्षर न वाचता कळलं. त्यांनी आयुष्यभर वाऱ्याची वाट पाहिलेली आहे.

या इमारतीबद्दल आजवर मी जे जे वाचलं ते केडपाशी सुरू होतं, मग एकदम १९२० वर येतं. त्या वर्षी २२ जूनला इथं पुन्हा प्रार्थना सुरू झाली. मधली कोठाराची शतकं एका वाक्यात उरकतात, जणू ती इमारतीची झोप होती. त्या दिवशी आबा भिंतीला हात लावून उभे होते तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ती झोप नव्हती, ती तिची सगळ्यात कष्टाची वर्षं होती. या भिंतींमध्ये किती सुगी आल्या असतील. गहू आला असेल, सातू आला असेल. पोरं पेंढ्यांवर उड्या मारत असतील. केडचं नाव बीडनं लिहून ठेवलं म्हणून राहिलं. जानेवारीच्या थंडीत इथं झोडपणाऱ्या मजुराचं नाव कुणी लिहिलं नाही, पण त्यानं टाकलेलं भगदाड भिंतीवर राहिलं आहे. मला ते शिलालेखासारखं वाटतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कोठार झाल्यानं या चॅपेलचं सगळं भलं झालं असं नाही. केडच्या देवळाला पूर्वेला अर्धगोल गाभारा होता, तो आज नाही. पूर्वेच्या भिंतीत बुजवलेल्या कमानींच्या खुणा आणि बाहेर जमिनीत पायाची रेघ, एवढंच उरलंय. पश्चिमेला पुढे कधीतरी छोटा मनोरा बांधला होता, तोही नाही. उरला तो मधला मंडप, आतून सुमारे ५० फूट लांब आणि २२ फूट रुंद. पण इमारतीचा विसर कोठार होण्याच्या कितीतरी आधी पडला होता. १४४२ साली इथं एक चौकशी झाली, तेव्हा गावच्या पंचांनी सांगितलं की हे चॅपेल कुणी आणि कधी बांधलं ते आम्हाला ठाऊक नाही. केडला जाऊन तेव्हा आठशे वर्षं होत आली होती. लोक दलदलीपासून मागे सरकले होते, गावात दुसरं चर्च होतं, आणि इथं येऊन प्रार्थना करायला कुणाला सवड उरली नव्हती. देवानं सोडलं की माणसानं, या वादात मी पडत नाही. रिकामी पडली होती हे खरं. मग कुण्या शेतकऱ्यानं पाहिलं की चार भिंती शाबूत आहेत आणि आपल्याला छप्पर हवं आहे.

आम्ही बाकावर बसलो. आईनं दिलेली दशमी आबांच्या पिशवीत होती, ती त्यांनी इथं खाल्ली नाही, बाहेर जाऊन खाऊ म्हणाले. आणि मग, मला अपेक्षा नसताना, ते तात्यांबद्दल बोलायला लागले.

आमच्या वाड्याच्या परसात एक छोटं राममंदिर होतं. पणजोबांनी बांधलेलं, घरापुरतं, खासगी. लाकडी खांबांचा लहानसा मंडप आणि दगडी गाभारा. वाटणी झाली तेव्हा परस थोरल्या चुलत्यांकडे, तात्यांकडे गेलं. त्यांनी भटजींना बोलावून मूर्ती रीतसर हलवल्या, आपल्या देवघरात नेल्या, आणि पुढच्या सुगीला मंडपात कडबा भरला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. रामनवमीला ज्या पायऱ्यांवर बसून आम्ही सुंठवडा खायचो त्या पायऱ्यांवर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या पाहिल्या आणि मी तात्यांशी वर्षभर बोलले नाही. नंतर बोलले, पण मनातून ते गेलं नव्हतं. परदेशात माणूस आपल्या घरातल्या जुन्या रागांना फार जपतो, तसा हा राग मी जपला होता.

"तुला लई राग हुता," आबा म्हणाले. "मला बी हुता पैल्यांदा. पर तू बगितलंस का, तात्या दर मिरगाआधी त्या देवळाची कौलं चाळून घ्यायचा. सोताच्या घराची नंतर. कडबा भिजला तर जनावरं काय खातील? वरच्या आळीतलं देऊळ आटवतंय?"

आठवत होतं. वरच्या आळीत दुसऱ्या एका घराण्याचं महादेवाचं देऊळ होतं. त्या घरातले सगळे पुण्या-मुंबईला. देऊळ त्यांनी कधी कशालाही वापरू दिलं नाही, कुलूप लावून पवित्र ठेवलं. एका पावसाळ्यात कौल सरकलं, मग वासा कुजला, मग भिंतीत पिंपळ उगवला. मी गेल्या खेपेला गेले तेव्हा तिथं दगडांचा ढीग आणि त्यावर पिंपळ, एवढंच होतं. आमच्या मंडपात कडबा होता आणि खांब धड होते.

मी आबांना काही बोलले नाही. तात्या जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्या दिवसानंतर मी अशा इमारती शोधायला लागले. पुढच्या वसंतात आबा परत गेल्यावर ग्लॉस्टरशरमधल्या डीअरहर्स्टला गेले. सेव्हर्न नदीकाठचं हे गाव पुरासाठी प्रसिद्ध आहे. इथली गोष्ट आमच्या परसातल्या राममंदिराच्या अधिक जवळची, कारण इथलं चॅपेल खरोखर घरचं होतं. ओडा नावाच्या सरदाराचा, राजा एडवर्डच्या नातलगाचा, एल्फ्रिक नावाचा भाऊ १०५३ च्या डिसेंबरात इथं वारला. त्याच्या आत्म्यासाठी ओडानं चॅपेल बांधलं. १२ एप्रिल १०५६ ला बिशप एल्ड्रेडनं त्याची प्रतिष्ठापना केली आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ओडाही गेला. इतकी नेमकी तारीख माहीत असण्याचं कारण एक दगड. १६७५ साली शेजारच्या फळबागेत तो सापडला. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की ओडानं हे राजमंदिर आपल्या भावाच्या आत्म्यासाठी बांधवलं. दगड ऑक्सफर्डच्या संग्रहालयात गेला. लोकांना वाटलं तो गावातल्या मोठ्या जुन्या चर्चचा असेल, कारण दुसरं कोणतं देऊळ तिथं दिसतच नव्हतं.

ते दिसत नव्हतं कारण त्यात लोक राहत होते. बागेला लागून असलेल्या शेतघराच्या पोटात ते होतं. मंडपाचं स्वयंपाकघर झालेलं, गाभाऱ्यात मजला टाकलेला, वर झोपायची खोली, सगळ्यावर गिलावा. दोनशे दहा वर्षं तो दगड आपलं देऊळ कुठं आहे ते सांगत होता आणि तो सापडला तिथून काही पावलांवर एक शेतकरी कुटुंब त्याच देवळात चूल पेटवत होतं. १८८५ साली दुरुस्तीसाठी गिलावा काढला तेव्हा खालून जुनी कमान आणि सॅक्सन खिडकी निघाली.

आज तिथं गेलात तर एक विचित्र, मला फार आवडलेलं दृश्य दिसतं. दगडी चॅपेलला चिकटून काळ्या लाकडी पट्ट्यांचं पांढरं शेतघर अजून उभं आहे, दोघांची पाठ एकच. चॅपेल मोकळं करताना शेतघर पाडलं नाही. मी त्या रिकाम्या मंडपात उभी राहिले. खिडक्या उंच आणि लहान, आत उजेड बेताचा. धूर कुठून जात असेल, भाकरी कोणत्या कोपऱ्यात भाजत असतील, याचाच विचार करत होते. ओडानं भावाच्या आठवणीसाठी बांधलेल्या जागेत शेकडो वर्षं लेकरं जेवली. मी एल्फ्रिकच्या जागी असते तर मला ते आवडलं असतं. हे माझं मत आहे, धर्मशास्त्र नाही.

फ्रान्समधल्या बेर्झे-ला-व्हिलला मी अजून गेलेले नाही, पण जायचं नक्की आहे. क्लूनीच्या मठाचा अधिपती ह्यू १०४९ ते ११०९, साठ वर्षं गादीवर होता. ख्रिस्ती जगातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं चर्च त्यानं १०८८ साली क्लूनीला बांधायला घेतलं, आणि विसावा घ्यायला येण्याचं त्याचं ठिकाण होतं जवळच्या बेर्झेमध्ये. तिथं डोंगरउतारावर एक लहान चॅपेल. राज्यक्रांतीनंतर दोन्ही विकली गेली. क्लूनीचं भव्य चर्च विकत घेणाऱ्यांना त्या आकाराचा काही उपयोग नव्हता, उपयोग होता तो दगडाचा. पुढची कित्येक वर्षं ते सुरुंग लावून पाडत आणि गाड्या भरभरून विकत राहिले. आज मूळ इमारतीचा जेमतेम दहावा भाग उभा आहे. बेर्झेचं चॅपेल मात्र शेतकऱ्याच्या कामाचं होतं. त्यात माल ठेवता येत होता. ते राहिलं. आणि १८८७ साली गावच्या धर्मगुरूला भिंतीवरच्या चुन्याखाली रंग दिसला. चुना काढत गेले तशी बाराव्या शतकातली भित्तिचित्रं उजेडात आली. गाभाऱ्याच्या अर्धगोलात सिंहासनावर बसलेला ख्रिस्त, पीटरच्या हाती गुंडाळी देणारा, आणि भोवती गडद निळा रंग. क्लूनीच्या भिंतींवर काय रंगवलं होतं याचा अंदाज आज अभ्यासक या लहान चॅपेलवरून बांधतात. १९४७ साली जोन इव्हान्स या इंग्रज इतिहासकार बाईंनी ते विकत घेतलं आणि जवळच्या माकों शहरातल्या अकादमीला दान केलं. क्रीट बेटावरच्या प्राचीन क्नॉसॉसचं उत्खनन करणारे आर्थर इव्हान्स यांच्या या सावत्र बहीण. आयुष्यभर क्लूनीचा अभ्यास केलेल्या बाईंनी शेवटी ज्याला हात घालता येईल असं त्यातलं एक लेकरू सांभाळलं.

मी हे आबांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यात काय ठिवायचे?" मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, "गवात आसंल. गवताला कोरडं लागतं."

ब्रॅडवेलच्या माणसांनी १९२० साली जी दुरुस्ती केली तिच्याबद्दल मला आदर आहे. जिच्या शेतात ही इमारत होती त्या घरानं ती चर्चला परत दिली. कोठाराची दारं बुजवली, पण लपवली नाहीत. नवा दगड जुन्यात मिसळून, गिलावा चढवून ही भगदाडं नव्हतीच असा देखावा सहज करता आला असता. त्यांनी ठिगळ ठिगळासारखंच दिसू दिलं. आज कुठल्याही बाजूनं पाहा, गाडी आत जाईल एवढ्या दाराची चौकट डोळ्यांना दिसते. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे बहुधा सगळं झाकणं. काळ्या पाषाणावर ऑइलपेंट, फरशीवर चकचकीत टाइल्स, आणि मधल्या माणसांनी काय केलं होतं त्याची खूणही शिल्लक नाही. मला त्याचं वाईट वाटतं. पैसा लागतो, श्रद्धाही लागते, मला मान्य आहे, तरी वाईट वाटतं.

१९२० नंतर इथं पुन्हा माणसं यायला लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, हवाई दलात धर्मगुरू असलेल्या नॉर्मन मॉटली यांनी शेजारच्या रानात तंबू ठोकून एक शिबिर भरवलं. काल एकमेकांवर बाँब टाकणारे इंग्रज आणि जर्मन एकत्र राहतील, एकत्र स्वयंपाक करतील, बोलतील, हा त्यामागचा हेतू. जवळच, ब्रॅडवेल बे इथं, युद्धात विमानतळ होता. त्या शिबिरातून निघालेली ओथोना नावाची वसाहत आजही चॅपेलपासून हाकेच्या अंतरावर आहे. रोज प्रार्थनेला ते लोक या कोठारात येतात. जुलैच्या पहिल्या शनिवारी गावातून चालत यात्रा येते. पश्चिमेला किनाऱ्यावर बंद पडलेल्या अणुवीज केंद्राचे दोन चंदेरी ठोकळे दिसतात. १९६२ ला सुरू झालं, २००२ ला थांबलं. आबांनी ते काय आहे विचारलं, मी सांगितलं, ते बराच वेळ तिकडे पाहत राहिले.

त्या नोव्हेंबरात आम्ही चॅपेलमधून बाहेर पडलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि उजेड उतरायला लागला होता. शेजारच्या शेतात गव्हाची हिरवी बोटभर पात वर आली होती आणि तिच्यावर शेकडो पक्षी चरत होते. हे ब्रेंट गूज नावाचे लहान काळे हंस. सैबेरियाच्या टोकाहून दर हिवाळ्यात इथं येतात. दलदलीतलं गवत संपलं की गव्हावर उतरतात. आबा बांधावर थांबले. "गोफन न्हाई का हितं कुनाकडं?" मी म्हटलं, इथं या पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण आहे. ते वाकले, ढेकूळ उचलून फोडलं, बोटांत चोळून पाहिलं. चिकण माती. खारी असंल, म्हणाले. बरोबर होतं. ही जमीन समुद्रातून बांध घालून काढलेली आहे. १८६४ साली असेच बांध घालायला खोदताना रोमन किल्ल्याचा तट उघडा पडला आणि ओथोना सापडला.

मग मला दिसलं की आबांच्या पायांत बूट नाहीत. नुसते लोकरीचे मोजे.

"आबा, बूट?"

"ऱ्हायलं दारात."

परत गेलो. चॅपेलच्या दाराबाहेर, भिंतीला लागून, टाचा जुळवून त्यांचे बूट ठेवले होते. भिंत वाचून झाल्यावर कधीतरी ते बाहेर येऊन बूट काढून पुन्हा आत गेले होते. मला कळलंच नव्हतं. मी म्हटलं, आबा, चर्चमध्ये काढायची पद्धत नसते, चालतं तसंच.

"चर्च म्हनून न्हाई काढलं," ते म्हणाले. "खळ्यावर पायतान घालून जात्यात व्हय?"

आत अजून थोडा उजेड होता. त्यांना पुन्हा एकदा आत जायचं होतं. मी माझे बूट काढून त्यांच्या बुटांशेजारी ठेवले. फरशी गार होती आणि तिच्यावर पसरलेली शिंपल्यांची बारीक वाळू मोज्यांतून टोचत होती.